लाल राजपुत्र सुफानुवोंग: बाहुलं की पुढारी?

प्रश्न असा आहे: लाओसचा सुफानुवोंग राजघराण्यात जन्मला, मग राजेशाही मोडणाऱ्यांच्या गोटात तो गेला कसा? आणि १९७५ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा सत्ता खरोखर त्याच्या हातात होती, की व्हिएतनामी कम्युनिस्टांनी त्याला नुसतं पुढे उभं केलं होतं?

आग्नेय आशियाचा आधुनिक इतिहास मी बरीच वर्षं शिकवतो आहे. लाओसचं प्रकरण आलं की वर्गात हा प्रश्न हटकून निघतो, आणि विचारणाऱ्याला बहुधा ‘बाहुलं’ हे उत्तर आधीच पटलेलं असतं. माझं उत्तर वेगळं आहे. तो बाहुलं नव्हता. पण राज्याची दोरीही कधी त्याच्या हाती आली नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे कळायचं तर आधी त्याच्या घरात डोकावावं लागतं.

लाओसचा राजा लुआंग प्रबांगला राही. तिथल्या दरबारात राजाच्या खालोखाल मान उपराजाचा. सुफानुवोंगचे वडील बुनखोंग हे उपराज होते. १८९३ पासून लाओसवर फ्रेंचांचं राज्य होतं, त्यामुळे राजा काय आणि उपराज काय, मानपान भरपूर आणि अधिकार बेताचाच. बुनखोंगला वेगवेगळ्या राण्यांपासून वीसहून अधिक मुलं झाली. त्यांतले तिघे देशाच्या इतिहासात ठळकपणे येतात: १८९० चा फेत्सरात, १९०१ चा सुवन्ना फूमा आणि १९०९ चा सुफानुवोंग. पहिले दोघे सख्खे भाऊ, तिसरा सावत्र आणि घरातलं शेंडेफळ. त्याची आई सामान्य घरातली होती.

या शेवटच्या गोष्टीवरून अनेक लेखकांनी त्याच्या बंडाचा उगम थेट आईच्या कमी प्रतिष्ठेत शोधला आहे. मला हे फार सोपं वाटतं. शिक्षणात त्याला कुणी मागे ठेवलं नव्हतं. हनोईच्या फ्रेंच शाळेतून तो पॅरिसला गेला आणि रस्ते व पूल बांधणीच्या तिथल्या नामवंत विद्यालयातून १९३७ मध्ये स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडला. ते पॅरिस डाव्या आघाडीच्या सरकारचं होतं. संप, मोर्चे, कामगारांना मिळालेली पगारी रजा हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

माझ्या मते त्याच्या आयुष्याला वळण दिलं ते नोकरीने. सुवन्ना फूमाही फ्रान्सहून अभियंता होऊन आला होता. त्याला लाओसमध्येच काम मिळालं. राजधानी व्हिएंटियानमधलं हो फ्रा केओ हे देऊळ सयामी (थाई) फौजांनी १८२८ च्या सुमारास उद्ध्वस्त केलं होतं. १९३६ ते १९४२ या काळात ते पुन्हा उभं राहिलं ते सुवन्ना फूमाच्या देखरेखीखाली. धाकट्याची नेमणूक मात्र झाली व्हिएतनाममधल्या न्हाचांगला. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते आणि पूल बांधताना त्याने वसाहतीचा कारभार आतून पाहिला: एकाच कामाला गोऱ्याला एक वेतनश्रेणी आणि देशी माणसाला दुसरी. तिथल्याच एका हॉटेलमालकाच्या मुलीशी, न्ग्युएन थी की नामशी, त्याने लग्न केलं. सुवन्ना फूमाची बायको आलीन फ्रेंच बाप आणि लाओ आई यांची मुलगी. एका भावाची सोयरीक फ्रेंचांकडे, दुसऱ्याची व्हिएतनामकडे. पुढे राजकारणातही दोघांचे पाय त्याच दिशांना वळले. लग्नामुळे राजकारण ठरलं असं मी म्हणत नाही, पण सुफानुवोंग ज्यांच्यात वावरला, जेवला, ज्यांची भाषा घरात बोलला, ती माणसं व्हिएतनामी होती. ‘व्हिएतनामने त्याला वापरलं’ असं म्हणताना हे विसरलं जातं. ते त्याचं सासर होतं.

मार्च १९४५ मध्ये जपानने फ्रेंचांना हटवलं आणि ऑगस्टमध्ये जपाननेच शरणागती पत्करली. या पोकळीत थोरला फेत्सरात पुढे सरसावला. राजा सिसावांग वोंगला फ्रेंच परत हवे होते. फेत्सरातने उत्तर आणि दक्षिण लाओस एक आणि स्वतंत्र असल्याची घोषणा केली. राजाने त्याला पदावरून काढलं, तर १२ ऑक्टोबर १९४५ ला व्हिएंटियानमध्ये ‘लाओ इस्सारा’ म्हणजे स्वतंत्र लाओंचं सरकार स्थापन झालं. तिकडे सुफानुवोंग हनोईत हो चि मिन्हला भेटला आणि त्याच्या कम्युनिस्ट-प्रणीत स्वातंत्र्य आघाडीची, म्हणजे व्हिएतमिन्हची, सशस्त्र तुकडी सोबत घेऊन लाओसमध्ये उतरला. नव्या सरकारात परराष्ट्र खातं आणि सैन्य त्याच्याकडे आलं. तिन्ही भाऊ या सरकारसाठी काम करत होते. तिघे एका बाजूला असण्याचा काळ तो तेवढाच.

२१ मार्च १९४६ चा दिवस जरा जवळून बघण्यासारखा आहे. मेकाँगच्या काठावरचं थाखेक हे गाव सुफानुवोंगच्या माणसांनी धरून ठेवलं होतं. वस्ती बरीचशी व्हिएतनामी. परतणाऱ्या फ्रेंचांनी तोफा डागल्या, वरून विमानं आली. लोक बायकामुलांसह होड्यांत बसून पलीकडच्या थाई किनाऱ्याकडे निघाले, आणि विमानांनी नदीतल्या होड्यांवरच गोळ्या झाडल्या. नदी रुंद, लपायला जागा कुठलीच नाही. अशाच एका होडीत सुफानुवोंग होता. त्याला गोळी लागली, पण तो पलीकडे पोचला. त्या दिवशी किती माणसं मेली याचे आकडे ज्याच्या त्याच्या बाजूप्रमाणे बदलतात, पण शेकडो मेली याबद्दल वाद नाही. फ्रेंचांशी बोलणी करून स्वातंत्र्य मिळेल, हे सुवन्ना फूमाला पुढेही पटत राहिलं. सुफानुवोंगला ते पुन्हा कधी पटलं नाही, आणि त्याची जखम पाहता यात नवल नाही.

फ्रेंच परतल्यावर लाओ इस्साराचं सरकार थायलंडला निघून गेलं. बँकॉकच्या त्या विजनवासात भावांचे मार्ग फुटले. व्हिएतमिन्हशी त्याची जवळीक लाओ इस्साराच्या इतर पुढाऱ्यांना खुपत होती. १९४९ मध्ये त्याला मंत्रिमंडळातून काढलं गेलं. त्याच वर्षी फ्रान्सने लाओसला मर्यादित स्वायत्तता देऊ केली, निर्वासित सरकार विसर्जित झालं आणि सुवन्ना फूमा घरी परतला. दोन वर्षांत तो पंतप्रधान झाला. फेत्सरात मात्र १९५७ पर्यंत थायलंडमध्येच राहिला. सुफानुवोंग पायी डोंगरांत शिरला.

आता दोरी कुणाच्या हातात, या मुद्द्याकडे येतो. ऑगस्ट १९५० मध्ये व्हिएतमिन्हच्या छायेत ‘मुक्त लाओ आघाडी’ उभी राहिली. जग तिला पाथेट लाओ म्हणून ओळखतं. अध्यक्ष सुफानुवोंग. भोवती कोण होतं ते बघा. कायसोन फोमविहान: बाप व्हिएतनामी, आई लाओ, हनोईत कायद्याचं शिक्षण. नूहाक फूमसवन: मालवाहतुकीच्या धंद्यातून आलेला. फायदांग: ह्मोंग या डोंगरी जमातीचा म्होरक्या. सिथोन कोम्मादाम: दक्षिणेच्या बोलावेन पठारावर फ्रेंचांविरुद्ध वर्षानुवर्षं लढलेल्या डोंगरी सरदाराचा मुलगा. यांपैकी एकालाही मेकाँगकाठचा भातशेती करणारा लाओ शेतकरी ‘आपला’ म्हणून ओळखत नव्हता. त्याला राजघराण्यातला माणूस कळत होता. राजपुत्र डोंगरात आपल्यासारखा चिकट भात हाताने खातो, घसरड्या वाटा पायी तुडवतो, ही बातमी गावोगाव पसरे आणि तिचा परिणाम शंभर पत्रकांपेक्षा जास्त होई.

कम्युनिस्ट पक्ष म्हणून जे काही होतं, ते १९५५ मध्ये गुप्तपणे स्थापन झालं आणि त्याची सूत्रं कायसोनकडे गेली. लोकांसमोर आघाडी, आघाडीसमोर सुफानुवोंग. पक्ष मागे, अंधारात. ही रचना त्याला ठाऊक होती आणि मान्य होती. म्हणून मी त्याला बाहुलं म्हणत नाही. बाहुल्याला आपल्या पाठीमागे काय चाललंय ते माहीत नसतं.

तो खरा पुढारी होता याचा सगळ्यात भक्कम पुरावा १९५७–५८ चा आहे, आणि लाओसवर लिहिणारे या दोन वर्षांवरून फार भरभर पुढे जातात. फ्रेंचांचं इंडोचायनातलं युद्ध संपवणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर पाथेट लाओकडे फोंगसाली आणि हुआफान हे उत्तरेचे दोन प्रांत उरले होते. सुवन्ना फूमा पंतप्रधान होता. दोघा सावत्र भावांनी वाटाघाटी केल्या आणि नोव्हेंबर १९५७ मध्ये सुफानुवोंगने ते दोन्ही प्रांत युवराज सवांग वत्थानाच्या हवाली केले, राजाशी निष्ठेची शपथ घेतली आणि भावाच्या मंत्रिमंडळात नियोजन व पुनर्बांधणी खात्याचा मंत्री झाला. रस्ते आणि पूल बांधायला शिकलेला माणूस अखेर वयाच्या ४८ व्या वर्षी आपल्या देशाच्या बांधकामाच्या कामावर रुजू झाला.

मे १९५८ मध्ये २१ जागांसाठी पूरक निवडणुका झाल्या. अमेरिकेने मतदानाआधी खेडोपाडी मदतीचा पाऊस पाडला होता, विमानांतून सामान उतरवलं होतं. तरीही सुफानुवोंगच्या पक्षाला ९ आणि त्याच्या मित्रपक्षाला ४ जागा मिळाल्या. म्हणजे २१ पैकी १३. उजव्या पक्षांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे करून मतं फोडली, हे खरंच आहे. पण राजधानी व्हिएंटियानमधून उभा राहिलेला सुफानुवोंग देशात सर्वाधिक मतं घेऊन निवडून आला, ते काही कुणाच्या मतविभाजनामुळे नाही. व्हिएंटियानमध्ये व्हिएतनामी सैन्य नव्हतं. पोलीस आणि प्रशासन दोन्ही दुसऱ्या बाजूचे होते. त्या मतपेट्यांत पडली ती लोकांची मतं होती.

याचा अर्थ वॉशिंग्टनने अचूक ओळखला. जून संपता संपता अमेरिकेने आर्थिक मदत रोखली. लाओसचा सरकारी गाडा जवळजवळ सगळा त्याच पैशावर चालत होता. सुवन्ना फूमा पडला, उजवं सरकार आलं आणि जुलै १९५९ मध्ये सुफानुवोंग सहकाऱ्यांसह तुरुंगात गेला. मला या ठिकाणी दर वेळी थांबावंसं वाटतं. मतपेटीचा रस्ता धरलेल्या माणसाला तो रस्ता बंद करून दाखवला गेला, आणि पुढच्या पंधरा वर्षांच्या युद्धाची बरीच जबाबदारी त्या निर्णयावर आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तो व्हिएंटियानजवळच्या फोनखेंगच्या छावणीत बंद असतानाच, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, थोरला फेत्सरात गेला आणि दोनच आठवड्यांनी राजा सिसावांग वोंगही. घरातले दोन वडीलधारे पंधरवड्यात गेले. खटला काही उभा राहत नव्हता. कैद्यांनी वर्षभरात काय केलं, तर पहारेकऱ्यांशी बोलत राहिले. पोरगेलेसे पहारेकरी, गरीब शेतकऱ्यांची मुलं. आणि समोर गजाआड राजपुत्र, जो त्यांच्या गावाची, शेतीची, पगाराची चौकशी करतो. एप्रिल १९६० मध्ये उघड गैरप्रकारांनी भरलेली निवडणूक झाली. त्यानंतर महिन्याभराने, २४ मेच्या मुसळधार पावसाच्या रात्री, कैदी बाहेर पडले आणि पहारेकरीही त्यांच्याबरोबर निघाले. पुढे महिनोन्‌महिने जंगलातून पायपीट करत तो उत्तरेच्या सामनुआ भागात पोचला. वय पन्नाशीचं होतं.

तो वाटेत असतानाच ऑगस्टमध्ये कोंग ले नावाच्या तरुण कॅप्टनने व्हिएंटियान ताब्यात घेतलं आणि सगळा डाव बदलला. इथून १९६२ पर्यंतची हकिगत गुंतागुंतीची आहे. तुमच्या प्रश्नापुरतं एवढंच पुरे की देशाचे तीन तुकडे झाले आणि प्रत्येकाच्या शिरावर एक राजपुत्र होता: तटस्थांचा सुवन्ना फूमा, डाव्यांचा सुफानुवोंग आणि उजव्यांचा, दक्षिणेच्या चंपासाक घराण्यातला बुन ऊम. तिघे जून १९६१ मध्ये झुरिकला भेटले आणि वर्षभराने त्यांचं संयुक्त सरकार बनलं. जुलै १९६२ मध्ये जिनिव्हात चौदा देशांनी लाओसच्या तटस्थतेवर सह्या केल्या. करार पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या, लाओसमधल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचं अध्यक्षपद १९५४ पासून भारताकडे होतं, आणि जिनिव्हात भारताची बाजू सांभाळत होते व्ही. के. कृष्ण मेनन. हे तेच मेनन, ज्यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींचा पराभव केला होता.

सरकार वर्षभरही नीट चाललं नाही. एप्रिल १९६३ च्या पहिल्याच दिवशी परराष्ट्रमंत्री किनिम फोलसेनाची हत्या झाली आणि त्याच महिन्यात सुफानुवोंगने राजधानी सोडली. उपपंतप्रधानपद त्याच्या नावावर होतं, पण तो परतला तो थेट १९७४ मध्ये.

मधली वर्षं गुहांतली. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या विमानांनी लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या केल्या आणि २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ३० लाखांच्या घरात होती. हुआफान प्रांतात व्हिएंगसायच्या चुनखडीच्या डोंगरांत पाथेट लाओने गुहांचं एक गावच वसवलं: दवाखाना, शाळा, छापखाना, सभा आणि नाटकांसाठी एक प्रचंड गुहा. मी त्या पाहिल्या आहेत. आत शिरताच भिंतींची ओल जाणवते. पुढाऱ्यांच्या गुहांत एक छोटी कोंदट खोली आहे, जाड दरवाज्याची, विषारी वायूचा हल्ला झालाच तर दार लावून बसण्यासाठी. आत हवा शुद्ध करणारं रशियन बनावटीचं यंत्र. त्या खोलीत काही मिनिटं उभं राहणंही जड जातं. ही माणसं तिच्या भरवशावर नऊ वर्षं जगली. सुफानुवोंगचा एक मुलगा याच परिसरात शत्रूच्या हाती पडून मारला गेला. बापाच्या गुहेसमोर त्याचा स्तूप आहे.

याच वर्षांत त्याचा सावत्र भाऊ व्हिएंटियानमध्ये पंतप्रधान होता आणि त्या बॉम्बवर्षावाला त्याची मूक संमती होती. सुवन्ना फूमाला सरसकट देशद्रोही म्हणायला मी तयार नाही. हजारो उत्तर व्हिएतनामी सैनिक त्याच्या देशात ठाण मांडून होते आणि त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं. पण एका घरातला एक भाऊ गुहेत आणि दुसऱ्याच्या संमतीने वरून बॉम्ब, हे वास्तव आहे. फूट याच घरात होती असंही नाही. ह्मोंगांत फायदांग या बाजूला, तर त्याच्याच नात्यातला तूबी लीफूंग राजाच्या बाजूला होता.

फेब्रुवारी १९७३ मध्ये शस्त्रसंधी झाली. एप्रिल १९७४ मध्ये सुफानुवोंग विमानाने व्हिएंटियानला उतरला तेव्हा स्वागताला अफाट गर्दी लोटली. सुवन्ना फूमाने त्याला मिठी मारली. नव्या व्यवस्थेत तो राष्ट्रीय सल्लागार परिषदेचा अध्यक्ष झाला आणि तिचं कामकाज त्याने जन्मगावी, लुआंग प्रबांगला नेलं. परिषदेने मंजूर केलेल्या १८ कलमी कार्यक्रमात राजाचं स्थान कायम होतं. कायसोन अजून पडद्याआडच होता. सामान्य माणसाने त्याचा चेहराही पाहिलेला नव्हता.

पुढच्याच वर्षी सायगाव आणि नॉम पेन्ह पडलं आणि व्हिएंटियानचे उजवे मंत्री देश सोडून पळाले. नोव्हेंबरअखेर राजा सवांग वत्थानाकडून राजत्यागाचं पत्र आणायला लुआंग प्रबांगला गेले ते हेच दोघे भाऊ, सुवन्ना फूमा आणि सुफानुवोंग. राजाकडे हे मागायला कायसोन गेला नाही. घरच्यांनीच जावं, हे पक्षाने हेरलं होतं. २ डिसेंबर १९७५ ला प्रजासत्ताक जाहीर झालं. सुफानुवोंग राष्ट्राध्यक्ष. पंतप्रधान आणि पक्षाचा सरचिटणीस कायसोन.

त्याच्याविषयी मला आदर आहे, पण पुढचं सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. माजी राजाला आधी राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार म्हणून मान दिला गेला. मार्च १९७७ मध्ये त्याला, राणीला आणि युवराजाला पकडून हुआफानकडे, म्हणजे त्याच गुहांच्या प्रांतात नेलं. तिथून ते परतले नाहीत. राजा वारला हे कायसोनने १९८९ मध्ये पॅरिसला कबूल केलं. तोवर देशाला अधिकृतपणे काहीही सांगितलं गेलं नव्हतं. या सगळ्या काळात राष्ट्राध्यक्षपदावर सुफानुवोंग होता. हजारो अधिकारी आणि सैनिक ‘पुनर्शिक्षणा’च्या छावण्यांत गेले, देशाची सुमारे दहावा हिस्सा लोकसंख्या सीमा ओलांडून गेली. अटकेचा निर्णय पक्षाच्या वरच्या वर्तुळाचा होता, पण त्या वर्तुळात तोही बसत होता, आणि त्याने उघडपणे विरोध केल्याची कुठलीही खूण नाही. सुवन्ना फूमाला मात्र कुणी हात लावला नाही. सरकारचा सल्लागार म्हणून तो १९८४ मध्ये मरेपर्यंत व्हिएंटियानमध्येच राहिला. भावाला वाचवता आलं आणि राजाला नाही, की राजाला वाचवायचंच नव्हतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे.

सत्तेचा प्रश्न मात्र कागदपत्रांवरून सुटतो. अकरा वर्षं राष्ट्राध्यक्षाचं काम सुफानुवोंगने पाहिलं आणि ते पद मानाचंच राहिलं. १९८६ मध्ये प्रकृती ढासळल्यावर त्याचं काम हंगामी म्हणून फूमी वोंगविचितकडे गेलं, तेव्हा कारभारात काडीचाही फरक पडला नाही. १९९१ मध्ये नवं संविधान आलं. त्यात राष्ट्राध्यक्षाला पहिल्यांदाच भरीव अधिकार दिले गेले आणि त्या पदावर कायसोन स्वतः येऊन बसला. सुफानुवोंग तेव्हा निवृत्त होता; तो ९ जानेवारी १९९५ ला वारला.